निळ्या टबाजवळची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

संत्रं तरंगलं! सालीसकट सोडलं की मजेत तरंगतं, सोलून सोडलं की दगडासारखं तळाला. मला स्वतःला हे गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. एम. ए. झालेय मी, साहित्यात.

मुलांना विचारलं, का बुडालं? एक जण म्हणाला, "त्याचा स्वेटर काढला ना तुम्ही. गारठलं. खाली जाऊन बसलं."

खरं कारण सांगितलं: सालीत हवा भरलेली असते. कुणालाही पटलं नाही. स्वेटरच बरा आहे म्हणा.

आमचा नियम असा की वस्तू पाण्यात टाकायच्या आधी अंदाज करायचा. बुडेल वाटलं तर हात खाली, जमिनीला. तरंगेल वाटलं तर हात वर. मग टाकायची. चुकलं तर चुकलं, कुणी हसायचं नाही (सगळे हसतात). मासोळी म्हणून एक पोर आहे, तिचा हात पण जातो, वर किंवा खाली, पण बाकीच्यांच्या अर्धा क्षण मागून. आणि बाकीचे चुकले की तीही नेमकी तशीच चुकते. आज बटाट्याला सगळ्यांनी हात वर केले, तिनंही केला. मला हसू आलं. एवढीशी आहे आणि आत्तापासून बहुमताच्या बाजूनं!

घरी आई: "एवढं शिकून बादल्या भरतेस." बालवाडीतलं तीन महिन्यांचं काम, त्यातला हा शेवटचा. २८ला पालकांसमोर 'पाण्याचा दिवस', मग पाणीताईला, म्हणजे मला, सुट्टी. मग कादंबरी. कादंबरी सध्या तळाला आहे. सालीसकट.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेतली मावशी फरशी पुसून पुसून वैतागली. "ताई, तुमचं विज्ञान माझ्या गुडघ्यांवर येतंय."

६ फेब्रुवारी, गुरुवार

नाण्यावर थेंब. ड्रॉपरनं एकेक थेंब सोडत जायचं. पाणी सांडत नाही, नाण्यावर त्याची टेकडी होते, फुगत जाते, थरथरते — आणि तरी सांडत नाही! मुलं श्वास रोखून. मीही. यावर लिहायला हवं होतं, थरथरणाऱ्या टेकडीवर, एकही क्रियापद न वापरता. (संध्याकाळी लिहून पाहिलं. भयंकर. फाडलं.)

टेकडी अगदी फुटायला आली तेव्हा ओरडले, "थांबा! आता नुसतं बघा!" सगळे थांबले. मासोळी नाही. अजून एक थेंब, अजून एक, आणि गेलं सगळं टेबलावर. शेजारचा चिडला, "पाणीताई थांब म्हणाल्या ना!" तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ड्रॉपर खाली ठेवला आणि हसली. तिचं हसणं असं आहे की आपण रागवायला निघालो होतो हेच विसरायला होतं.

मासोळी नाव पोरांनीच ठेवलंय. साडेचार वर्षांची. खिडकीजवळ मोठा निळा टब आहे, ती कायम त्याच्याच कडेला, हनुवटी काठावर टेकवून. तिथून उठवलं तर रडते. बोलते अगदी थोडं, आणि शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या. पाण्याला 'पाई'. मला 'पाईताई'. केस कानांवरून गोल कापलेले, एकदम नीट, पट्टी लावून कापल्यासारखे. तिची आई पार्लरमध्ये केस कापते म्हणून असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज ग्लासांचा प्रयोग. एका ओळीत ग्लास, कमीजास्त पाणी भरलेले, चमच्यानं हळूच वाजवायचे. जास्त पाणी, जाड आवाज. कमी पाणी, बारीक आवाज. पोरांनी लगेच नावं ठेवली. भरलेला ग्लास आजोबा, जवळजवळ रिकामा तो बाळ.

मग खेळ केला. डोळे मिटा, मी वाजवते, कोण बोललं ते सांगा. "आजोबा!" "बाळ!" नुसता गोंधळ. मासोळी डोळे मिटेना. सांगितलं, खुणेनं दाखवलं, नाहीच. शेवटी मी मागून तिच्या डोळ्यांवर माझे हात ठेवले, अगदी हलकेच, गमतीत.

ती किंचाळली. खेळातलं किंचाळणं नव्हे ते. माझी बोटं ओढून काढली, नखं लागली मला. आणि मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली, सगळ्यांवरून नजर फिरवत, एकामागून एक चेहऱ्यावर, जणू मोजून घेत होती की सगळे जागेवर आहेत ना.

नंतर शांत झाली. बाकीचे खाऊ खात असताना परत ग्लासांशी आली. चमचा मारला आणि कान नाही, डोळा जवळ नेला. पाण्यावर बारीक कड्या उठतात ना, त्या बघत होती. परत मारला. परत बघितलं. मग बोट काठावर ठेवून मारला. खूश!

ती ते आवाज बघत होती.

नको. हे वाक्य छान झालंय म्हणून मला खरं वाटतंय का? मला माझी भीती वाटते अशा वेळी. पण हात वर-खाली, अर्धा क्षण मागे. 'थांबा' न ऐकणं. 'पाई'.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मावशीला विचारलं, "मासोळीला हाक मारली तर येते का हो?"

"मनात असलं तर येते. हट्टी आहे. आमच्या घरातलेही असेच आहेत, त्यांना काय बहिरे म्हणू?"

१२ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाईंना सांगायचं कसं? मोठ्या बाई म्हणजे शाळा त्यांची, खुर्ची त्यांची, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'समजलं ना?' पण त्यांचंच.

वाक्य एक: "बाई, मला वाटतं तिला कमी ऐकू येतं." (तुला वाटून काय उपयोग.)

वाक्य दोन: "बाई, तिचे कान तपासायला हवेत." (तू डॉक्टर का?)

वाक्य तीन: "बाई, एक मिनिट." — हे प्रत्यक्षात बोलले. त्या म्हणाल्या, "नंतर."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लाज वाटतेय. लिहून टाकते.

सकाळी बाईंना गाठलं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, दाखव मला. माझ्यासमोर कर." एवढं म्हणतील असं वाटलं नव्हतं. मी खूश!

मासोळी नेहमीच्या जागी, टबाच्या काठाला, पाठ आमच्याकडे. बाकीची मुलं अंगणात. पाणी अगदी शांत होतं. मी स्टीलचा डबा आणि चमचा घेतला, मांजरीसारखी पावलं टाकत तिच्या मागे गेले. हात उचलला आणि डबा वाजवला.

ती लगेच वळली. अर्धा क्षणही मागे नाही. वळली आणि माझ्या हातातला डबा बघून टाळ्या वाजवायला लागली.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "ऐकू येतं की. अगदी ठणठणीत."

मी म्हटलं, परत करू का. केलं. परत वळली. तिसऱ्यांदा तर डबा वाजायच्या आधीच हसत होती.

"अगं, काही मुलं उशिरा बोलतात. गेल्या वर्षी एका पालकांना आम्ही नुसतं म्हटलं, मूल जरा मागे आहे, तर दुसऱ्या दिवशी मूल काढून नेलं, वर गावभर बदनामी. आपण पाणी शिकवतो. समजलं ना?"

समजलं.

मावशी दारातून बघत होती. "बघा, म्हटलं नव्हतं, हट्टी आहे."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बरं झालं. ऐकू येतं तिला. चांगलीच बातमी आहे. मग असं का वाटतंय?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं. मी गाढव आहे.

मुलं यायच्या आधी टब भरत होते. नळ बंद केला आणि दमून तिच्याच जागी बसले, तिच्यासारखी, हनुवटी काठावर. पाणी हलायचं थांबलं. आणि पाण्यात मावशी आली. मागून, हातात फडकं, उलटी. मला तिच्या पावलांचा आवाज यायच्या आधी ती मला दिसली होती. खिडकीचा उजेड त्या टबावर असा तिरका पडतो की अख्खी खोली त्यात दिसते. दार, दारात येणारे, सगळे.

पोर तिथे पाण्यासाठी बसत नाही! ती तिथे पाठीमागचं बघायला बसते. तिच्यासाठी तो आरसा आहे. आणि मी, विज्ञानवाली, मागून वाजवायचा प्रयोग करायला जगातली नेमकी तीच जागा निवडली. डबा उचलणारी मी तिला स्वच्छ दिसत होते.

दुपारी ती भिंतीकडे तोंड करून ठोकळे रचत होती तेव्हा मागून हाक मारली. मोठ्यानं. मग टाळी. मग टेबलावर थाप. काही नाही. टेबलावरचे ठोकळे हलले तेव्हा वळली.

धावत बाईंकडे गेले. वाक्यं जुळवली पण नव्हती. पाणी, आरसा, खिडकी, उजेड, सगळं एकदम बोलले. मलाच ऐकू येत होतं की मी वेडपटासारखी बोलतेय.

"आता पुरे," बाई म्हणाल्या. "तू गोष्टी लिहितेस ना? तिकडे लिही."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मग मी सरळ तिच्या आईशी बोलले. फाटकापाशी, सुटताना.

तिच्या आईला मी रोज बघते. बारीक, चटपटीत, कपाळावर केसांची झुलपं. बोलताना इतकी टक लावून बघते की समोरच्याला वाटायला लागतं, आपण काहीतरी फार महत्त्वाचं सांगतोय. मला तर आवडते ती त्यासाठी. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन घरात पण कुणी बघत नाही.

म्हटलं, "ताई, एक सांगू का? रागावू नका. हिचे कान एकदा दाखवून घ्या."

चेहरा बंद झाला. दुकानाचं शटर पडतं तसा.

"का? काय केलं तिनं?"

"काही नाही केलं. मला वाटतं तिला नीट ऐकू येत नाही."

"येतं. लक्ष नसतं तिचं. माझ्यावर गेलीये." हसली, पण नुसतीच तोंडानं. "आमच्यात असं कुणाला नाही. तिच्या बाबांकडे पण नाही. दाखवलंय डॉक्टरला. बोलेल म्हणाले."

"कधी दाखवलं?"

ती पोरीला उचलून निघालीसुद्धा होती. मी मागून म्हटलं, "अहो, निदान थांबा तरी!" वळून पण पाहिलं नाही. अख्ख्या फाटकानं ऐकलं, तिनं नाही ऐकलं. राग गिळला. गिळताना लागतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोन केला, उचलला नाही. परत केला, उचलला नाही. मग मेसेज आला: "कामात आहे. काय ते लिहून पाठवा."

लिहायला बसले. मी! मला लिहिता येईना! नाण्यावरच्या थेंबांवर पानं भरते आणि इथे 'तुमच्या मुलीला' याच्यापुढे हात जाईना. शेवटी पाठवलं: "एकदा भेटू या का?" उत्तर नाही.

संध्याकाळी दोन्ही कानांत कापूस कोंबला, वर ओढणी. बघू तरी कसं असतं. आई स्वयंपाकघरात बोलत होती, मी ओट्याला टेकून तिच्या तोंडाकडे बघत. तिनं विचारल्यासारखे डोळे केले, मी मान डोलावली. ती हसली, मी हसले. सोपं आहे की! थोडं उशिरा हसायचं, झालं. नंतर कापूस काढल्यावर कळलं, मी मामाच्या घरी आठवडाभर त्याच्या नातवंडांना सांभाळायला जायला हो म्हटलंय.

"तूच तर मान डोलावलीस!" आई.

हसलो दोघी. मग मला रडू यायला लागलं. आई घाबरली. "नको जाऊ गं, एवढं काय त्यात."

माझ्यासाठी एक संध्याकाळच होती ही. कापूस काढता येत होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

केस कापून आले. म्हणजे तिच्या आईकडे जाऊन आले. तिथून ती पळून कुठे जाणार?

छोटंसं पार्लर. खुर्ची एक, आरसा भिंतभर. मला बघून थबकली, पण खुर्ची पुढे केली. "बसा. किती कापू?"

"तुम्ही म्हणाल तेवढे."

आरशातूनच बोलायला लागली. ती माझ्या मागे, मी आरशात, दोघींचे चेहरे समोर. म्हटलं, तुम्हाला राग आला असेल. म्हणाली, नाही, राग कसला, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला वाटतं सगळं तपासून घ्यावं.

मग मी मुद्द्यावर आले. जे जे पाहिलं ते सांगितलं. ग्लास, थेंब, टब. ती कापत राहिली. टबाचं सांगितलं तेव्हा कात्री थांबली. "म्हणजे तिला ते जमतं?" असं काहीतरी म्हणाली. आवाजात, कसं सांगू, कौतुक होतं. मला चीड आली. पोरीला आरसा शोधून त्यात जगावं लागतंय आणि ह्या बाईला कौतुक!

"जमतं हो," म्हटलं, "पण तिला का जमवावं लागावं? वेळेत कळलं तर मशीन मिळतं, शिकवणारे मिळतात. आत्ताच्या वयात बोलणं येतं. नंतर अवघड होतं."

तिनं माझी मान खाली दाबली, मानेवरचे केस काढायला. मी खाली बघत बोलत राहिले, सगळ्यात मनापासूनचं तेव्हाच बोलले. की मी येते तुमच्याबरोबर. की सोबत कुणी नसेल तर मी येते. घरी कुणाला सांगायचं नसेल तर नका सांगू. बराच वेळ बोलले. तिनं हूं की चूं केलं नाही. मान वर केली तर आरशात तिचा चेहरा कोराच. जणू मी काही बोललेच नव्हते. इतका निगरगट्टपणा! भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं.

मग ड्रायर लावला. भयानक गोंगाट, स्वतःचा आवाज मला येत नव्हता. मी वैतागून, ओठातल्या ओठात पुटपुटले, "आई आहे का कोण आहे ही."

ड्रायरच्या गोंगाटात ती म्हणाली, "आईच आहे."

मेले! कान म्हणायचे की काय! ज्या बाईला मी पोरीचं ऐका म्हणतेय तिचे कान इतके तिखट.

माफी मागितली. ती ड्रायर बंद करून पण तेवढ्याच चढ्या आवाजात बोलत राहिली, बाहेर बसलेल्या दोन बायका बघायला लागल्या. "ताई, एकदा कागदावर आलं ना, की मग लोक तेवढंच बघतात. मग ती पोर राहत नाही, ते तेवढंच राहतं. सासरी कळलं तर माझ्याच रक्ताला नावं ठेवतील. आत्ता चालतंय ना तिचं? खेळते ना? हसते ना? ती चालवून घेईल. येतं चालवून घेता."

"तुम्हाला काय माहीत, येतं का नाही ते!"

ती झाडूनं माझे केस गोळा करायला लागली.

केस जरा जास्तच कापलेत. आई म्हणाली, "भांडलीस का कुणाशी?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

मासोळी आली नाही. निळा टब भरला. कुणी बसलं नाही तिथे.

मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवलं. साध्या पाण्यात बुडतं, मीठ घालत गेलं की वर येतं. पोरं नाचली. स्वेटरवाला म्हणाला, "मीठ लागलं ना त्याला म्हणून पळतंय." मी हसले. थोडं उशिरा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आली नाही.

बाईंनी बोलावलं. तिच्या आईचा मेसेज दाखवला: ताई फार प्रश्न विचारतात, मुलीला दुसऱ्या शाळेत घालायचा विचार आहे. बाई ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट. "तू तर शुक्रवारी जाशील. पोर इथून गेली तर जाईल कुठे, सांग? घरी बसेल. इथे निदान चार मुलांत आहे. तुझं बरोबर असेलही. पण तुझ्या बरोबर असण्यानं काय झालं बघ."

खरंच तेच झालंय.

सरकारी दवाखान्यात विचारून आले, माझी मी. तिथली नर्स म्हणाली, तपासतो की, फुकट तपासतो, आणा. "तुम्ही कोण तिच्या?"

पाणीताई. हे काही नातं नाही. "आईला किंवा बाबांना घेऊन या."

२६ फेब्रुवारी, बुधवार

तिच्या आईला मी मेसेज केला. लिहिलं: मुलीला पाठवा. मी परत तो विषय काढणार नाही.

उत्तर लगेच: "नक्की?"

लिहिलं, नक्की.

पाठवल्यावर फोन उशीखाली ठेवला, जणू त्याला पण दिसू नये.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आली! पळत टबाशी गेली. मी उद्याची तयारी करत होते. ड्रॉपर धुणं, ग्लास पुसणं, पालकांच्या खुर्च्या. तिनं येऊन माझा कुर्ता ओढला. ओढत टबाजवळ नेलं, खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. तिच्या जागेवर! स्वतः माझ्या मागे उभी राहिली. पाणी हलत होतं, तिनं बोट वर करून थांब म्हणून दाखवलं. पाणी थांबलं. पाण्यात तिचा चेहरा माझ्या खांद्यावर. तिनं तोंड उघडलं, आवाज नाही काढला, नुसते ओठ: पा-ई-ता-ई.

मीही ओठांनीच म्हटलं: मा-सो-ळी.

समजलं तिला! इतकी हसली की तिची हनुवटी माझ्या खांद्यात रुतली. मग परत. मग परत. ती ओठांनी काहीतरी म्हणणार, मी ओळखणार. मी दरवेळी चुकले. ती एकदाही नाही.

एवढ्याशा पोरीला हे कुणी शिकवलं? असं आपलं आपण येतं का?

मी 'नक्की' लिहून दिलंय. उद्या शेवटचा दिवस.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शब्दांचा काही खेळ नाही, जसं झालं तसं लिहिते.

पालक छोट्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला. संत्रं झालं, अंडं झालं, सगळे मजेत. मासोळी आईच्या मांडीवर, पहिल्या ओळीत, तोंड माझ्याकडे. मी नाण्यावर थेंब सोडत होते. सगळे श्वास रोखून.

मागे मावशीच्या हातून ग्लासांचा ट्रे पडला. सगळे ग्लास. आजोबा, बाळ, सगळे. अख्खी खोली दचकून मागे वळली. कुणीतरी किंचाळलं.

पहिल्या ओळीत दोन डोकी हलली नाहीत. दोन्हींचे केस कानांवरून गोल कापलेले. दोघी माझ्या हातातल्या नाण्याकडेच बघत होत्या.

मग आईनं शेजारच्या बाईची मान वळलेली पाहिली. आणि वळली. अर्धा क्षण मागून. पोरीनं आईकडे पाहिलं, आणि तीही वळली.

नाण्यावरचं पाणी सांडलं माझ्याकडून.

तिची आई परत पुढे वळली तेव्हा मी तिच्याकडे बघत होते, आणि मला कळलं आहे हे तिला कळलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

दोघींनी लगेच माझ्या ओठांकडे पाहिलं. वाट बघत.